जांभळे डाग

चांगुणाबाईंच्या टाचेत काटा मोडला असं समजून माया सुई घेऊन ओट्यावर बसली. सासूचा पाय मांडीवर घेतला आणि टाच उन्हाकडं वळवली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, उसाच्या पाचटातून अनवाणी फिरलेली, भेगाळून दगडासारखी झालेली टाच. काटा काही सापडेना. घोट्याच्या खाली तेवढा एक डाग होता, जांभूळ चिरडून कातडीखाली दडवावं तसा.

"आत्या, काटा न्हाई. डाग हाय कसला तरी. मार लागला व्हता का?"

"मार का कमी लागलाय आजवर?" म्हातारी म्हणाली आणि पाय ओढून घेऊन शेळीला पाला टाकायला गेली.

मांडवगण फराट्याच्या बौद्धवस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मुलगा विनोद कुरकुंभच्या केमिकल कंपनीत पाळीनं जायचा. सून माया वस्तीतली अंगणवाडी चालवायची. नात प्राची दुसरीत होती आणि आजीच्या वाकळेत शिरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. चांगुणाबाईंनी सत्तरी ओलांडली होती, पण जीभ आणि कंबर दोन्ही ताठ. त्यामुळं तो एक डाग कुणी मनावर घेतला नाही.

पावसाळा सरेपर्यंत डाग दोन्ही पायांवर चढले. काही काळपट झाले, काहींच्या तुरीएवढ्या गाठी झाल्या. उंबऱ्याला पाय लागला की गाठ फुटून भळाभळा रक्त यायचं. डावा पाय सुजून खांबासारखा झाला. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं, मग दुसरं मलम दिलं आणि शेवटी दौंडच्या कातडीच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं.

दौंडच्या डॉक्टरनं पाय बघितला. मग हातमोजे चढवले आणि पुन्हा बघितला. आ करायला लावलं, तर टाळूवरही एक डाग. तो घरात कुणालाच ठाऊक नव्हता. चांगुणाबाईंना बाहेर बाकावर बसवून त्यानं मायाला थांबवून घेतलं.

"सासरे काय करायचे?"

"ट्रकवर होते. कारखान्याचा ऊस वाहायचे."

"कशानं गेले?"

"काविळीनं. लई वर्सं झाली त्याला."

डॉक्टरनं चिठ्ठीवर तपासणी लिहिली. मग म्हणाला, "असे डाग आपल्याकडं क्वचित दिसतात. दिसले तर बहुतेक एड्सच्या पेशंटला. रक्त तपासून घेऊ. रिपोर्ट येईपर्यंत जरा जपून राहा."

"जपून म्हंजी कसं?"

त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

जीपमधून परत येताना सासू-सून खेटून बसल्या होत्या. चांगुणाबाईंनी एकदाच विचारलं, "काय म्हणला गं?" माया म्हणाली, "रक्त तपासायचंय." म्हातारीनं भीमेच्या पुलाखालचं पाणी बघितलं आणि यंदा पाणी चांगलं हाय म्हणाली.

मायाला एड्सबद्दल माहिती नव्हती असं नाही. शिरूरला अंगणवाडीच्या बायांचं शिबिर झालं होतं. तिथं मिळालेला रंगीत तक्ता तिनं स्वतः भिंतीला लावला होता. हात मिळवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे तिनं वस्तीतल्या आयांना चित्रावर बोट ठेवून सांगितलं होतं. आया ऐकायच्या आणि उठून जायच्या. वस्तीच्या कडेला ज्ञानू ड्रायव्हरची विधवा नकुशी राहायची. ज्ञानू त्याच रोगानं गेला आणि तिच्याही रक्तात तो निघाला. तेव्हापासून तिच्या दारावरून जाताना बाया पदर तोंडाला लावायच्या. माया तसं करत नसे. पण तिच्या दारात थांबलीही नव्हती कधी.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी तिनं माळ्यावरचं जर्मनचं जुनं ताट खाली काढलं, घासलं आणि त्यात सासूची भाकरी वाढली. प्राचीला म्हणाली, "आजीचा पाय दुखतोय, तू आजपासून माझ्याकडं झोप." पोरगी रडली तर तिला एक धपाटा घातला. हात आपोआप चालत होते. तक्त्यावरची चित्रं तिला पाठ होती, पण हातांना अक्षरओळख नव्हती.

चांगुणाबाईंनी ताटाकडं बघितलं आणि भाकरी संपवली. मग पाण्यासाठी तांब्या पुढं केला. मायानं हंड्यातून पाणी घेतलं आणि तांब्याला भांडं लागू न देता वरून धार धरली.

म्हातारीचा हात तसाच राहिला. तांब्या भरून पाणी सांडायला लागलं.

"वरनं वतलंस व्हय," ती हळूच म्हणाली. "राहू गावाला पाटलाच्या मळ्यात आमी कामाला जायचो, तवा असंच वतायची पाटलीण. मी वंजळ धरायचे. मनगटावरनं पाणी गळायचं कोपरापतूर. तुझ्या वयाची न्हवते अजून."

माया चुलीपाशी जाऊन बसली.

दौंडच्या कंपाउंडरची बहीण मांडवगणलाच दिलेली होती. त्यामुळं रिपोर्ट येण्याआधी बोलणं गावात पोचलं. पाण्याच्या टाकीवर चांगुणाबाईंची घागर आली की बाया मागं सरायच्या. मेलेल्या सासऱ्याची, म्हाळूबाबाचीही कुणी गय केली नाही. काविळीनं गेला म्हणत होते, ती कसली कावीळ, आता कळलं, असं पारावरची माणसं बोलली. विनोद ते ऐकून घरी आला आणि भिंतीवर मूठ आपटून घेतली. "माझा बाप शेळीसारखा गरीब माणूस," तो म्हणाला, "त्याला आता मसणातनं उठवून नासवत्यात." अंगणवाडीत पोरं कमी झाली. माया सुकडी वाटते, तिच्या हातची नको, असं शेजारच्या रंगुबाईंनी सगळ्यांदेखत म्हटलं.

रिपोर्ट आला. एड्स नव्हता.

विनोद दौंडहून पेढे घेऊन आला. वस्तीभर फिरून त्यानं सांगितलं. काहींनी पेढा घेतला, काहींनी घेऊन शेळीला घातला. "रिपोर्ट काय, पाहिजे तसा काढून मिळतोय," असंही कुणी म्हणालं. मायानं जर्मनचं ताट उचलून परत माळ्यावर टाकलं आणि सासूला स्टीलच्या ताटात वाढलं. स्वतःचंही ताट शेजारी घेऊन बसली.

चांगुणाबाई हात लावीनात.

"माझं ताट कुठाय?"

"आत्या, हेच की तुमचं."

"ते जर्मनचं आण. हलकं हाय. हे उचलताना मनगट दुखतंय."

"आत्या, माझं चुकलं. पाया पडते, पर असं करू नगा."

"मी कुठं काय म्हणले? ताट आण."

तिनं ते आणलं. चांगुणाबाई त्यातच जेवल्या, आणि पुढंही त्यातच जेवत राहिल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मायाला बरं वाटलं असतं.

डाग मात्र थांबले नाहीत. विनोदनं रजा टाकली आणि दौंडहून सकाळच्या गाडीनं दोघींना पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एका गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर तरुण बाई होती, लुबना शेख नावाची. दौंडच्याच रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. मांडवगण म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. पण आठवड्यानं तुकड्याचा निकाल सांगताना तो उतरला.

"आजी, हा कातडीचा कॅन्सर आहे. कपोसी म्हणतात याला. एका विषाणूमुळं होतो. नागीण उठते ना अंगावर, त्या विषाणूच्या भावकीतला समजा. तो शरीरात वर्षानुवर्षं गप पडून राहतो. वय झालं, ताकद कमी झाली, की एखाद्यालाच हे असं होतं. लाखात एकाला."

चांगुणाबाईंनी कॅन्सर हा शब्द बाजूला सारला. "त्यो माझ्या मालकाकडनं आला का?"

"सांगता यायचं नाही. पण हा थुंकीतूनही पसरतो. लहानपणी कुणी उष्टा घास भरवला असेल, तेव्हाच आला असेल. त्यात कुणाचा दोष नाही."

"मंग ह्ये तुमी आमच्या गावात येऊन सांगा."

लुबना खुर्ची ओढून जवळ बसली. तिनं म्हातारीचा सुजलेला पाय दोन्ही हातांत घेतला, हातमोजे न घालता, आणि गाठी नसलेली जागा बघून हलकेच चेपला. चांगुणाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. किती दिवसांत त्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता.

पायाला शेक दिला, म्हणजे मशीनखाली धरून किरणं दिली. गाठी बसल्या, सूज उतरली. तो हिवाळा बरा गेला. चांगुणाबाई पुन्हा शेळीमागं फिरायला लागल्या. प्राची पुन्हा वाकळेत शिरली. माया अंगणवाडीत आयांची मीटिंग घेऊन सांगायची, "आमच्या आत्याला एड्स न्हाई. साधा कॅन्सर हाय. सरकारी डॉक्टरनं सांगितलंय." नळावर, दळणाच्या रांगेत, कुणी विचारो न विचारो, ती सांगायची. पोरं एकेक करून परत यायला लागली.

एकदा असंच कुणाला तरी सांगून ती घरात आली. चांगुणाबाई दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"लई सांगतीस गं," त्या म्हणाल्या.

"मंग काय करू? लोकांना कळाया नको?"

"आन् असता तर?"

"काय असता तर?"

"त्यो रोग असता तर काय केलं असतंस?"

माया शेजारी टेकून शेंगा फोडायला लागली. चांगुणाबाईंनी फोललेल्या शेंगांची टरफलं सुपातून बाजूला केली.

"तुला एकटीला न्हाई म्हणत. ज्ञानू मेला तवा मीबी नकुशीच्या दारात गेले न्हाई. माझ्या हातावर ल्हानाची मोठी झाली ती पोरगी. मला वाटायचं, तिच्या घरचा वारा नको लागाया." थोडं थांबून म्हणाल्या, "मला आता कळतंय वारा कसा आस्तोय त्यो."

उन्हाळा लागला तसं चांगुणाबाईंचं तोंड पांढरं पडायला लागलं. परसाकडं काळं व्हायला लागलं, डांबरासारखं. चार पावलं टाकली की धाप लागायची. पुन्हा पुणं. तोंडातून नळी घालून बघितलं तर पायावर होते तसेच जांभळे डाग पोटात, आतड्यावर. छातीच्या फोटोत फुप्फुसंही भरलेली.

लुबनानं विनोदला आणि मायाला खिडकीपाशी नेलं. "बहुतेक म्हाताऱ्या माणसांत हा पायापुरता राहतो. त्यातच त्यांची वर्षं निघून जातात. आजींच्या बाबतीत आत गेलाय. इंजेक्शनं आहेत, पण या वयात सोसतील असं मला वाटत नाही. तरी तुम्ही म्हणाल तर सुरू करू."

विनोद म्हणाला, "करा सुरू." पहिल्याच इंजेक्शनानं म्हातारीचे केस गेले, तोंड आलं, पाणीही गिळवेना. वॉर्डातल्या कॉटवर ती पडून राहायची आणि खोकल्यातून रक्ताचे धागे यायचे. दुसऱ्या इंजेक्शनाच्या वेळी तिनं लुबनाचा हात धरला.

"बाई, तू चांगली हायेस. पर आता पुरं. मला घरी जाऊ दे."

लुबनानं विनोदकडं बघितलं. विनोद कॉटच्या दांडीला धरून उभा होता. तो जाऊन व्हरांड्यात बसला आणि बराच वेळ आलाच नाही.

घरी आणल्यावर चांगुणाबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. माझी खाट दाराशी टाका, मला रस्ता दिसूंदे. आणि नकुशीला बोलवा.

माया गेली. नकुशीचं दार उघडंच होतं. ती आत एकटी गोधडीला टाके घालत होती. पस्तिशीची असेल, पण हाडं वर आलेली. मायाला दारात बघून ती उठली आणि सवयीनं मागं सरली.

"वैनी, आत्या बोलावत्यात तुमाला."

"मला? कशापायी?"

"ते मला न्हाई ठाव. या."

नकुशी वस्तीतून मायाच्या मागं आठ-दहा हात अंतर ठेवून चालत आली. उंबऱ्याबाहेरच टेकली. चांगुणाबाईंनी खाटेवरून हात लांब केला.

"आत ये. मला तुझ्याकडं यायचं व्हतं, पर आता पाय न्हाई राहिले."

"मावशे, मी हिथं बरी हाय. लोक बघत्यात."

"बघंनात. मी आले न्हाई तुझ्याकडं, ज्ञानू गेला तवा. त्याचं काय करू सांग."

नकुशीनं पदर तोंडात कोंबला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मग ती आत आली, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि म्हातारीच्या पायावरची पट्टी सुटली होती ती नीट करायला लागली. ज्ञानूचं सगळं तिनंच केलं होतं. तोंड आल्यावर कापूस मधात बुडवून कसा फिरवायचा, धाप लागली की पाठीशी काय द्यायचं म्हणजे श्वास बसतो, हे तिला ठाऊक होतं. मायाला नव्हतं. त्या दिवसापासून नकुशी रोज आली. माया अंगणवाडीत जायची तेव्हा ती बसायची, माया आली की उठायची. दोघींत बोलणं थोडंच व्हायचं. पण एक कापसाचे बोळे करायची आणि दुसरी अंग पुसायची, असं चालायचं.

वस्तीनं पुन्हा तोंड फिरवलं. आता तर खात्रीच पटली, असं रंगुबाई म्हणाल्या, सारख्याला सारखी बरोबर सापडली. अंगणवाडीत पुन्हा पोरं येईनात. सुपरवायझरबाई शिरूरहून आल्या आणि चौकशी करून गेल्या. मायानं या वेळी कुणाला काहीच सांगितलं नाही. आत्याला काय झालंय असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "आजारी हायेत."

चांगुणाबाई गेल्या त्या सकाळी श्वास घेताना घशातून बुडबुड्यांचा आवाज येत होता. विनोद उशाशी होता. त्याचं बोट त्यांनी लहान पोरासारखं मुठीत धरलं होतं. मग मूठ सैल पडली. विनोदला ते कळायला वेळ लागला. तो तसाच बोट न काढता बसून राहिला.

जयभीम म्हणत पुरुष जमले, विहारातून मेणबत्त्या आल्या. बाया दाराबाहेर रांगेनं बसल्या. आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा कुणी उठलं नाही. मायानं एकेकीकडं बघितलं. रंगुबाई मातीत काडीनं रेघा मारत होत्या. बाकीच्या पदर सावरत होत्या. अंगणात तीन दगडांवर ठेवलेल्या पाण्याला उकळ्या फुटत होत्या.

नकुशी घराच्या मागच्या बाजूला, शेळीच्या गोठ्यापाशी उभी होती. माया तिकडं गेली आणि तिचा हात धरून तिला सगळ्यांसमोरून घरात आणलं. दोघींनी मिळून चांगुणाबाईंना आंघोळ घातली. डागांवर पाणी हळू सोडलं, जणू अजून दुखेल. पाय धुताना नकुशीला हुंदका फुटला. माया रडली नाही. तिनं सासूला पांढरं लुगडं नेसवलं आणि विनोदला हाक मारली.

उचलायच्या वेळी एक म्हातारा म्हणाला, "त्या बाईनं हात लावलाय, आता—"

"धरायचं तर धरा मामा," विनोद म्हणाला, "न्हाईतर वाट सोडा."

म्हाताऱ्यानं धरलं. भीमेच्या काठावर बरीच माणसं आली, इतकी येतील असं विनोदला वाटलं नव्हतं. जी आली ती लांब लांब उभी राहिली.

परत आल्यावर घर मोकळं वाटायला लागलं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी, पिठलं, काही ना काही आणून देतात. ऊन उतरलं, दिवेलागण व्हायला आली, तरी कुणी आलं नाही. रंगुबाईंच्या घरातून फोडणीचा वास येत होता. प्राचीनं दोनदा भूक लागली म्हणून सांगितलं. विनोद भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

माया उठली. प्राचीचा हात धरला आणि विनोदला म्हणाली, "उठा."

"कुठं?"

"चला तर खरं."

वस्तीतून जाताना दारादारांत बाया होत्या. माया कुणाकडं बघत नव्हती. नकुशीच्या दारात येऊन ती थांबली. आत नकुशी अंधारातच बसली होती. आज चांगुणाबाईंच्या घरचं कुणी आपल्याकडं येईल असं तिच्या स्वप्नातही नसावं, कारण माणसांची चाहूल लागली तशी ती दार लोटायला उठली.

"वैनी," माया म्हणाली, "आज आमच्याकडं चूल न्हाई. तिघांच्या भाकरी टाका."

नकुशीनं तिच्याकडं बघितलं. मग प्राचीकडं बघितलं. "पोरीला बी?"

"तिलाच लई भूक लागलीय."

नकुशीनं चिमणी लावली, परातीत पीठ घेतलं. पहिली भाकरी थापताना तुटली. ती बाजूला ठेवून तिनं दुसरी घेतली. विनोद उंबऱ्यापाशी बसला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडला. प्राची चुलीपुढं सरकून बसली. तव्यावरून उतरलेली भाकरी तिनं मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली, तिखट लागलं म्हणून पाणी मागितलं, आणि अजून एक द्या म्हणाली.